एक स्पर्श, चार गुण : कबड्डीतील चढाईपटूच्या मूल्यमापनाचा प्रश्न
(विशेष संदर्भ : शहापूर व मुरबाड तालुके)

प्रस्तावना

कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याच्या आशयाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मात्र त्या विधानाला आजही प्रत्यक्ष अर्थ आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात जे सात तालुके उरले, त्यांपैकी ग्रामीण चेहरा टिकवून असलेले हे दोन प्रमुख तालुके होत. एकाला कसाऱ्याकडे जाणारी लोकल आणि मुंबई-नाशिक महामार्ग लाभला आहे. दुसऱ्याला रेल्वे नाही; कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच त्याचा आधार. भाताची कापणी-झोडणी उरकली की येथील गावोगावची मंडळे मैदाने आखतात, दिवे लावतात आणि रात्र रात्र सामने रंगतात.

अशा सामन्याच्या शेवटी दोन गोष्टी उरतात : गुणलेखकाच्या वहीतील आकडे आणि प्रेक्षकांच्या तोंडचे एखादे वाक्य. ‘त्याने एका चढाईत चार मारले’ हे त्या प्रकारचे वाक्य. आकडे आणि वाक्य दोन्ही खरे असतात. तरीही चढाई करणाऱ्या खेळाडूने नेमके काय केले, हा प्रश्न दोन्हींमधून सुटून जातो. बहुतेक वेळा त्याने एवढेच केलेले असते : निदान रेषा ओलांडली, एक पाय मागे घेतला, आणि अंगावर झेपावलेल्या चौघांसह मध्यरेषेला हात लावला. कृती लहान, फळ मोठे. या फळाचे श्रेय कोणाचे आणि किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नियमांतील असमतोल

प्रश्नाचे मूळ खेळाच्या नियमांतच आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. चढाईपटूने कोणालाही स्पर्श केला नसेल तर एकदा तरी निदान रेषा ओलांडणे त्याला बंधनकारक आहे. तसे न केल्यास तो बाद होतो. म्हणजे नियम त्याच्याकडून फार खोल जाण्याची अपेक्षा करीत नाही. पावणेचार मीटर आत जाऊन परत आलेला चढाईपटू नियमाच्या दृष्टीने आपले काम पूर्ण करतो. अशा चढाईला या लेखापुरते ‘छोटी चढाई’ म्हणता येईल.

आता दुसरा नियम पाहावा. चढाईपटूला बचावपटूंनी धरले आणि तरीही तो दम न सोडता मध्यरेषेपर्यंत पोहोचला, तर त्याला ज्यांनी ज्यांनी स्पर्श केला ते सर्व बाद ठरतात. एकाने धरले तर एक गुण, पाचांनी धरले तर पाच. याउलट त्याच पाचांनी मिळून त्याला यशस्वीपणे अडवले, तर त्यांच्या संघाला मिळतो एकच गुण. आज व्यावसायिक स्पर्धांत खेळाडूनिहाय नोंदी ठेवल्या जातात. तेथे हा गुण सामान्यतः पकडीची सुरुवात करणाऱ्या एकाच्या नावावर लिहिला जातो. पाचांचे अपयश एकाच्या खात्यावर पाच गुण होऊन जमा होते आणि पाचांचे यश एकाच्या खात्यावर एक गुण होऊन जमते. सामन्याचा निकाल लावण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. साखळी तोडण्याचे धाडस करणाऱ्याला मोठे बक्षीस मिळावे, हाच त्यामागचा हेतू आहे. परंतु याच आकड्यांवरून खेळाडूची योग्यता ठरवू लागले की हा असमतोल मूल्यमापनात जसाच्या तसा उतरतो.

कबड्डीच्या इतिहासात स्पर्शाची किंमत नेहमी सारखी नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. संजीवनी, गामिनी आणि अमर हे या खेळाचे जुने प्रकार. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानाबाहेर जात नसे. स्पर्श म्हणजे केवळ एक गुण. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. तेथे स्पर्श म्हणजे प्रतिपक्षाच्या बळात कायमची घट. आजचा खेळ संजीवनीच्या वळणाचा आहे. प्रतिपक्षाचा एक गडी बाद होतो तेव्हा आपला बाद झालेला एक गडी पुन्हा मैदानात येतो. त्यामुळे एका चढाईतील चार गुण म्हणजे केवळ चार गुण नव्हेत. समोरचे चार गडी कमी होतात, आपले चारपर्यंत गडी परततात आणि लोण जवळ येतो. लोण चढला की आणखी दोन गुण. गुणपत्रकावर चार एवढाच आकडा दिसतो. मैदानावरची परिस्थिती त्याहून कितीतरी अधिक बदललेली असते. मोठ्या चढाईचे महत्त्व कमी लेखणे हा या प्रश्नावरचा उपाय होऊ शकत नाही, तो याच कारणामुळे.

डुबकीचा दाखला

छोट्या कृतीतून मोठे फळ कसे निघते याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे प्रदीप नरवाल याची डुबकी. २०१७ साली प्रो कबड्डी लीगच्या पाचव्या पर्वात हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पाटणा पायरेट्सच्या या खेळाडूने एकाच चढाईत सहा बचावपटू बाद केले. लोणाचे दोन गुण धरता त्या एका चढाईने संघाला आठ गुण मिळवून दिले. त्या सामन्यात त्याचे चढाईचे ३४ गुण झाले आणि पाटण्याने तो सामना ६९-३० असा जिंकला. त्या पर्वातील त्याच्या चढाईच्या गुणांची बेरीज ३६९ झाली.

डुबकी म्हणजे काय, हे शब्दांत सांगायचे तर फार थोडे सांगावे लागते. बचावपटू हातात हात गुंफून पुढे सरकतात, चढाईपटू त्या साखळीखालून वाकून निसटतो आणि मध्यरेषेकडे झेपावतो. या क्रियेत तो हात लांबवून कोणाला टिपत नाही. त्याला धरण्यासाठी आलेले हात हेच त्याचे गुण होतात. वरवर पाहता येथे सर्व चूक बचावाची आहे, असे म्हणता येईल. सहा जणांनी एकाच वेळी झडप घालण्याचे कारण नव्हते.

परंतु हा युक्तिवाद एका प्रश्नापाशी अडखळतो. एखाद्या रात्री एका संघाने अशी चूक केली तर ती चूक होय. पण एकाच खेळाडूसमोर निरनिराळे संघ पर्वभर तीच चूक करीत असतील, तर तिला केवळ चूक म्हणता येत नाही. ती चूक घडवून आणण्याची विद्या त्या खेळाडूपाशी आहे, असे मानणे भाग पडते. कोठे थांबावे, किती वेळ थांबावे, साखळीला आपण सापडलो असे केव्हा वाटू द्यावे, याचे ज्ञान गुणपत्रकात दिसत नाही. तरी ते गुणांचे खरे कारण असते. पुनरावृत्ती ही म्हणून मूल्यमापनाची पहिली कसोटी ठरते.

स्पर्शाविना मिळालेले गुण

याच प्रश्नाचे दुसरे टोक २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत दिसले. ७ ऑक्टोबर रोजी भारत व इराण यांच्यातील पुरुषांच्या अंतिम सामन्यात सामना संपत आला असताना गुणसंख्या २८-२८ अशी बरोबरीत होती. पवन सेहरावत गुण मिळवणे अनिवार्य असलेल्या चढाईसाठी गेला. कोणाशीही झटापट होण्यापूर्वीच तो राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला धरण्यासाठी आलेले इराणचे बचावपटूही त्याच्यापाठोपाठ तेथे गेले. स्पर्श झाल्याखेरीज राखीव क्षेत्र खेळात येत नाही. तेव्हा तेथे गेलेले सगळे बाद धरावेत, की दोन्ही संघांना एकेकच गुण द्यावा, यावरून मोठा वाद झाला. निर्णय बदलत राहिले, खेळ दीर्घ काळ थांबला आणि अखेर भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला.

त्या चढाईतील गुणांचे श्रेय पवनला द्यायचे का? नियमाच्या वेगवेगळ्या वाचनांतून एकाच कृतीचे वेगवेगळे मोल निघत होते. खेळाडूने केलेली हालचाल तीच होती. बदलत होता तो केवळ तिच्यावर लिहिला जाणारा आकडा. गुण हे कृतीचे नाव नव्हे, नियमाने कृतीला दिलेले मोल होय, हे यातून स्पष्ट होते. मूल्यमापन करणाऱ्याने कृती पाहिली पाहिजे. मोल नंतर पाहावे.

अन्य खेळांतील हाच पेच

हा पेच कबड्डीपुरता नाही. क्रिकेटमध्ये चुकीच्या फेकीमुळे मिळालेल्या अधिकच्या धावा फलंदाजाच्या खात्यावर जातात. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मार्टिन गप्टिलची फेक बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली आणि धावून काढलेल्या दोन धावांच्या जागी सहा धावा लिहिल्या गेल्या. स्टोक्सच्या नाबाद ८४ मध्ये त्या आहेत. त्यांपैकी चार त्याने ‘काढल्या’ असे कोणी म्हणणार नाही. तसेच त्या चार वजा केल्या म्हणून त्या दिवशीची त्याची खेळी लहान होते, असेही कोणी म्हणणार नाही.

अमेरिकी फुटबॉलमध्ये हा वाद अधिक पद्धतशीरपणे झाला आहे. तेथे क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. त्याने पाच यार्डांवर चेंडू दिला आणि झेलणाऱ्याने पुढे साठ यार्ड धाव काढली, तर पासष्टही यार्ड फेकणाऱ्याच्या नावावर जमा होतात. खोलवर फेक करणारा आणि जवळ चेंडू देणारा असे दोघे आकड्यांत सारखे दिसू शकतात. म्हणून तेथील अभ्यासक चेंडू हवेत गेलेले अंतर आणि झेलल्यानंतर धावलेले अंतर यांची वेगळी नोंद पाहतात. पण याच खेळाने प्रश्नाची दुसरी बाजूही दाखवून दिली. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी जवळच्या, अचूक वेळी दिलेल्या पासांवरच संपूर्ण आक्रमण उभारले आणि जो मोंटाना हा त्या पद्धतीचा श्रेष्ठ क्वार्टरबॅक ठरला. धावणाऱ्या सहकाऱ्याचा वेग न मोडता, त्याच्यापुढे मोकळी जागा असताना चेंडू हातात पडणे, हे फेकणाऱ्याचेच कौशल्य होते. अंतर कमी होते म्हणून कौशल्य कमी नव्हते.

या दोन उदाहरणांतून मिळणारा बोध एकच आहे. फळ आणि कृती यांतील अंतर मोठे दिसले की समीक्षकाने दोन टोके टाळली पाहिजेत. सर्व फळ कर्त्याच्या पदरात टाकणे हे एक टोक. कृती लहान म्हणून फळ योगायोगाचे मानणे हे दुसरे. साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकांना हा धोका नवा नाही. लहान कविता मोठा परिणाम करते तेव्हा त्या परिणामात वाचकाच्या स्मृतीचा, परंपरेचा आणि प्रसंगाचा वाटा असतोच. म्हणून कवीचे श्रेय नाहीसे होत नाही, पण ते कोठे आहे हे शोधून सांगावे लागते.

दोन चढाईपटू

प्रश्न स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक तुलना उपयोगी पडेल. समजा, एका सामन्यात दोन संघांच्या प्रमुख चढाईपटूंनी प्रत्येकी बारा चढाया केल्या. पहिल्याने एका चढाईत पाच गुण आणले, पाच चढायांत एकेक गुण आणला, दोन चढाया निष्फळ गेल्या आणि चार वेळा त्याची पकड झाली. त्याचे एकूण गुण दहा. दुसऱ्याने आठ चढायांत एकेक गुण आणला, तीन निष्फळ गेल्या आणि एकदा त्याची पकड झाली. त्याचे गुण आठ. ‘सर्वोत्कृष्ट चढाईपटू’ म्हणून पहिल्याचे नाव पुकारले जाईल, यात संशय नाही.

पहिल्याने प्रतिपक्षाला चार गुण दिले, दुसऱ्याने एक. ही वजाबाकी केली तर पहिल्याच्या पदरी सहा आणि दुसऱ्याच्या पदरी सात गुण उरतात. शिवाय पहिला चार वेळा बाहेर बसला. तो परत येईपर्यंत संघाला मुख्य चढाईपटूविना खेळावे लागले. एवढ्यावरून दुसरा श्रेष्ठ, असा निर्णय देण्याचा मोह होतो. पण तोही घाईचा ठरेल. ती पाच गुणांची चढाई लोण चढवणारी असेल, किंवा संघ दोनच गड्यांवर आलेला असताना झालेली असेल, तर तिने सामन्याचे पारडेच फिरवलेले असते. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या पर्वाचा १ मार्च २०२४ रोजी झालेला अंतिम सामना पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ असा तीन गुणांनी जिंकला. त्यात पंकज मोहिते याने पूर्वार्धाच्या अखेरीस एकाच चढाईत चार गुण मिळवले होते. विजयाच्या अंतराहून ती एक चढाई मोठी होती. तरी कर्णधार अस्लम इनामदार याच्या त्या संघाची ओळख एका चढाईपटूवर विसंबलेला संघ अशी नव्हती. अनेक चढाईपटू आणि भक्कम बचाव यांवर तो उभा होता. त्या एका चढाईला इतके महत्त्व येण्याइतका सामना अटीतटीचा ठेवण्याचे काम इतरांनी केलेले होते.

गुणांचे तीन प्रकार

या चर्चेतून चढाईच्या गुणांची एक साधी विभागणी सुचते. चढाईपटूने आपल्या हाताने किंवा पायाने बचावपटूला टिपले, तर तो ‘कमावलेला’ गुण. हूल देऊन, थबकून, कोपऱ्यातील गड्याला पुढे ओढून त्याने बचावाला चुकीच्या क्षणी झेपावायला लावले, तर तो ‘काढून घेतलेला’ गुण. आणि बचावपटू स्वतःहून सीमारेषेबाहेर गेला, दोन बचावपटू एकमेकांवर आदळले, किंवा चढाईपटूने काहीही केलेले नसताना कोणी उतावीळपणे उडी घेतली, तर तो ‘मिळालेला’ गुण. एकाच चढाईतील चार गुण या तिन्ही प्रकारांत वाटले जाऊ शकतात. कोपरारक्षकाला चढाईपटूने ओढून घेतले असेल आणि त्याच्या आधाराला धावलेले इतर तिघे केवळ घाईने आले असतील.

पहिल्या प्रकाराविषयी वाद नाही. खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतील सीमारेषेवर आहे. ती ठरवण्यासाठी काही प्रश्न विचारता येतात. आधी कोण हलले, चढाईपटू की बचावपटू? झटापट सुरू झाली तेव्हा चढाईपटू मध्यरेषेपासून किती दूर होता. रेषा आवाक्यात ठेवूनच त्याने धोका पत्करला होता का? त्या वेळी समोर किती गडी होते? बोनस गुण समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो. म्हणून सहा-सात जणांसमोरील चढाई आणि तिघांसमोरील चढाई एकाच मापाने मोजता येत नाही. आधीच्या चढायांत सहकाऱ्यांनी तोच कोपरा पुनःपुन्हा हलवून सैल केला होता का? आणि शेवटी, हेच त्याने पूर्वी कोणाविरुद्ध, किती वेळा साधले आहे?

मुलींच्या सामन्यांत हे प्रश्न अधिक बारकाईने विचारावे लागतात. महिलांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते आणि मध्यरेषेपासून निदान रेषा तीन मीटरवर असते. तेथे ‘छोटी चढाई’ आणखी छोटी होते, साखळीही अधिक लवकर आवळली जाते. पुरुषांच्या सामन्यांतील नजरेने पाहिले तर मुलींच्या कित्येक कुशल चढाया केवळ निसटून येणे वाटतात.

गावातील सामना आणि मूल्यमापनाची जबाबदारी

शहापूर-मुरबाड परिसरात या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजू आहे आणि तिच्यामुळेच तो केवळ चर्चेचा उरत नाही. येथील खेळाडूसाठी कबड्डी ही एक वाट आहे. गावातील मंडळ, महाविद्यालयाचा संघ, मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, जिल्हा संघटनेची निवड चाचणी, आणि त्यापुढे पोलीस, रेल्वे, बँका व कंपन्यांचे संघ, असे तिचे टप्पे आहेत. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्याचा लाभ स्पर्धेच्या स्तरावर व तेथील कामगिरीवर अवलंबून असतो. म्हणजे निवड समितीने कोणाचे नाव लिहिले, यावर एखाद्या कातकरी, ठाकूर किंवा कुणबी कुटुंबातील मुलाचे वा मुलीचे पुढील आयुष्य ठरू शकते.

ही निवड कशाच्या आधारे होते? चाचणीत एका खेळाडूला थोडाच वेळ मिळतो. त्या वेळात ज्याला एक मोठी चढाई साधली तो नजरेत भरतो. ज्याने उजवा कोपरा सांभाळून समोरच्या तीन चढाया निष्फळ घालवल्या, त्याच्या नावापुढे शून्य असते. कारण निष्फळ गेलेल्या चढाईचे श्रेय कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही. आता गावच्या स्पर्धाही मोबाइलवर चित्रित होतात, त्यांतील काही थेट दाखवल्या जातात. पण त्यांतून फिरतात ती चार गुणांच्या चढाईची काही सेकंदांची दृश्ये. तिच्या आधीच्या दहा शांत चढाया, ज्यांनी बचावाला अस्वस्थ केले, त्या कोणी पाहत नाही. साधन बदलले, नजर तीच राहिली.

वृत्तलेखनाचाही यात वाटा आहे. ‘एकहाती विजय’ हा शब्दप्रयोग कबड्डीच्या बातम्यांत सर्रास आढळतो. सात जणांच्या खेळात, ज्यात बाद झालेला गडी दुसऱ्याच्या गुणाने जिवंत होतो, विजय एकहाती असूच शकत नाही. व्यावसायिक कबड्डीच्या बाजाराला ही गोष्ट उशिरा का होईना उमजली. २०१८ च्या लिलावात इराणचा बचावपटू फजल अत्राचली याला यू मुंबाने एक कोटी रुपयांना घेतले. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले, तेव्हा पकडीसाठी ख्यात असलेल्या मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख रुपये दिले. ज्या संघाने हा दुसरा व्यवहार केला त्याच संघाने ते पर्व जिंकले. यावरून फार मोठा सिद्धान्त काढता येणार नाही; पण चढाईच्या गुणांच्या पलीकडे पाहणारी नजर व्यर्थ नसते, एवढे म्हणता येईल.

आक्षेपांचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की गुण तो गुण. तो कसा आला याला महत्त्व नाही. सामन्याच्या निकालापुरता हा आक्षेप निर्विवाद आहे. पंचाने आणि गुणलेखकाने गुणाचे मूळ शोधत बसू नये. परंतु निकाल लावणे आणि खेळाडू निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत. निकाल झालेल्या गोष्टीचा असतो, निवड पुढे होणाऱ्या गोष्टीची. पुढे काय होईल याचा अंदाज बांधताना ‘मिळालेला’ गुण फारसा उपयोगी नसतो. ‘काढून घेतलेला’ गुण अत्यंत उपयोगी असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘काढून घेतलेला’ आणि ‘मिळालेला’ हा भेद पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून राहील आणि मताला वाव मिळाला की पक्षपाताला वाट मिळेल. या आक्षेपात तथ्य आहे. त्यावर पूर्ण उपाय नाही, पण मर्यादित उपाय आहे. महाविद्यालयीन स्पर्धांत दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक चढाईची नोंद करावी : समोर किती गडी होते, आधी कोण हलले, गुण कोणत्या प्रकारचा होता, आणि चढाई निष्फळ गेली असल्यास ती कोणामुळे. नंतर दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. जेथे दोघांचे एकमत आहे तेथे निर्णय बळकट होतो. जेथे मतभेद आहे तेथे चित्रण पुन्हा पाहता येते. यासाठी खर्चिक यंत्रणा लागत नाही. शारीरिक शिक्षण आणि संख्याशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना हे काम एका हंगामात शिकता येण्यासारखे आहे. आणि पक्षपाताचे म्हणावे तर तो आजही आहेच. फरक इतकाच की आज तो आकड्याच्या आड उभा राहतो आणि म्हणून कोणाला दिसत नाही.

समारोप

छोट्या चढाईतून मोठे गुण येतात तेव्हा चढाईपटूचे श्रेय वाढवावे की घटवावे, असा प्रश्न मांडणेच सदोष आहे. श्रेय वाढवायचे किंवा घटवायचे नसते, ते जागेवर ठेवायचे असते. काही श्रेय त्याच्या पायाला जाते, काही त्याच्या थबकण्याला, काही आधीच्या सहकाऱ्याला, आणि काही समोरच्याच्या उतावीळपणाला, ज्याला श्रेय हा शब्दच लागू पडत नाही. हा हिशेब गुणपत्रक करू शकत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नसावी. तो करणे हे शिक्षकाचे, प्रशिक्षकाचे आणि निवड करणाऱ्याचे काम आहे.

ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांकडे या कामासाठी लागणारी एक गोष्ट इतर कोणापेक्षाही अधिक आहे. त्यांना हे खेळाडू एका चाचणीपुरते दिसत नाहीत, तीन वर्षे दिसतात. पुनरावृत्ती ही जर पहिली कसोटी असेल, तर ती लावण्याइतका काळ त्यांच्याच हाती आहे. एका रात्रीच्या चार गुणांनी खेळाडूचे नाव गावात होते; त्या चार गुणांपैकी त्याचे स्वतःचे किती, हे ठाऊक असणारा कोणीतरी निवड समितीसमोर बोलला पाहिजे. आणि ज्याच्या नावापुढे शून्य लिहिले गेले, त्या कोपऱ्यातल्या गड्याविषयीही त्याने बोलले पाहिजे.